जवारी गेली आणि तिच्या मागे काय काय गेलं

पूर्णाकाठ

'हे जुने शब्द कोणाकोणाला आठवतात?' अशा याद्या फोनवर सारख्या येतात. रांजण, उखळ, जातं, कंदील, चकमक. वाचून बरं वाटतं, पण त्यात वस्तूचं नाव असतं, तिचं काम नसतं. मला दिसतं ते असं की शब्द एकटादुकटा जात नाही. एखादं काम गावातून उठलं की त्या कामाचे सगळे शब्द त्याच्यासोबत उठतात. आमच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे पूर्णेच्या दोन्ही काठांना अकोला, अमरावती, बुलडाण्याकडे, ते काम म्हणजे जवारी. म्हणून सुरुवात जवारीपासून करतो.

पेरणीपासून बघा. तिफनीवर लाकडी चाडं, त्याच्या भोकांतून खाली उतरलेल्या तीन नळ्या. चाड्यावर मूठ धरायची ती घरातल्या जाणत्या बाईनं. मूठ सैल पडली तर दाट, आवळली तर तास, म्हणजे पेरलेली ओळ, रिकामं. तिफनीच्या मागे दोरीनं बांधलेला सरता ओढत यायचा, त्यात दुसरी बाई तूर सोडायची. 'तिची मूठ चांगली हाय' असं एखाद्या बाईबद्दल गावभर बोललं जाई आणि पेरणीच्या दिवसांत तिला चार घरांतून बोलावणं येई. ट्रॅक्टरमागच्या पेरणीयंत्रात चकती फिरते, बी मोजून पडतं. मुठीचं कौतुक करायचं कारणच राहिलं नाही.

मग कणसात दूध भरलं की राखण. चार मेढींवर बांधलेला माळा, गोफण, आणि दिवसभराचा हाकारा. पीक कापलं की पेंड्या, पेंड्यांची सुडी, कणसं खुडून खळ्यात.

खळ्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण आज तिशीच्या आतल्या मुलानं खळं पाहिलेलंच नाही. जागा तासून, पाणी मारून, बैल फिरवून घट्ट करायची, मग शेणानं सारवायची. मधोमध मेढ रोवायची. चार-पाच बैल एका दावणीत जुंपले की ती झाली पात. मेढीजवळचा बैल शांत, वयानं मोठा लागायचा, कारण त्याला जागच्या जागी वळायचं असतं. कडेचा तरणा, त्याला सगळ्यात जास्त चालायचं. तोंडाला मुसके. एक पोरगं टोपलं घेऊन मागे, शेण दाण्यात पडायच्या आत झेलायला. मळणी झाली की तिव्यावर, म्हणजे उंच तिपाईवर, उभं राहून उपणायचं. वारा नसेल तर बसून राहायचं, रात्री वारा सुटला तर रात्री उठायचं. रास लागली की मोजणारा पहिल्या मापाला 'एक' म्हणत नसे, 'लाभ' म्हणे, आणि पुढे दोन, तीन. वाढई (सुतार), लोहार, म्हाली (न्हावी), वरठी (परीट) यांचं वर्षाचं धान्य तिथंच मोजलं जाई. तळाशी मातीत मिसळलेलं उरे ते मातेरं.

हे सगळं का गेलं याला एकच कारण नाही. १९६४ मध्ये सीएसएच-१ हे संकरित वाण आलं. आमच्याकडे त्याला 'हायब्रेट' म्हणत. उतारा वाढला, पण धांडा, म्हणजे जवारीचं ताट, बुटका झाला, आणि कापणीच्या तोंडावर पाऊस आला की दाणा काळा पडू लागला. काळ्या जवारीला बाजारात भाव नाही. नव्वदच्या दशकात सोयाबीन आलं, शंभर-सव्वाशे दिवसांत पैसा हातात. रेशनमधून गहू-तांदूळ घरात आला. आणि एक कारण शेतीबाहेरच्या माणसाला सुचत नाही: शिवारात सगळ्यांची जवारी असली की पाखरं वाटली जातात. एकट्यानं पेरली तर साऱ्या शिवाराची पाखरं त्याच्याच वावरात उतरतात. त्यामुळे शेवटचे चार-पाच जण टिकू शकलेच नाहीत, मन असूनही.

जवारी गेली तसा कडबा गेला. कडबा गेला तसे बैल गेले. पुढचं या धाग्यावर तुम्ही लिहा. एकच विनंती आहे. नुसता शब्द टाकू नका, ती वस्तू कोण वापरायचं, कशानं थांबलं, आता ती कुठे पडून आहे, ते लिहा.

वर्धेकाठची

दादा, जवारीच्या मागे आमची भुलाबाई गेली, ते मी लिहिते.

भादव्याच्या पौर्णिमेला भुलाबाई-भुलोबा मातीचे बसायचे, आणि कोजागिरीपर्यंत महिनाभर रोज सांजेला आम्ही पोरी घरोघर टिपऱ्या घेऊन जायचो. गाणी झाली की खाऊ ओळखायचा. घरची बाई डबा झाकून आणायची, कानाजवळ हलवायची. वाजतो का, दबका आहे का, ओला आहे का, कोणत्या डब्यात आहे, त्यावरून ओळखायचं. फुटाणे पटकन ओळखू यायचे. साखर घालून कालवलेला मुरमुऱ्यांचा चुरा कोणालाच यायचा नाही. ज्या घरचा खाऊ ओळखू आला नाही त्या घरचा मान मोठा.

कोजागिरीला मखर लागायचं, ते जवारीच्या पाच धांड्यांचं, वर कणसं तशीच ठेवलेली. त्या वर्षीची नवी जवारी पहिल्यांदा घरात यायची ती भुलाबाईच्या डोक्यावर. आता शहरातल्या मंडळांत भुलाबाईचे कार्यक्रम होतात, नऊवाऱ्या नेसून, बक्षिसं लावून. मी जाते, मला आवडतात. गाणी जिवंत ठेवली आहेत त्या बायांनी. मखर मात्र उसाचं असतं. ऊस आमच्या गावचा नाही, बाजारातून आणावा लागतो, आणि वर कणीस नाही. नवं धान्य देवाला दाखवायचं, हा त्या पूजेचा गाभाच त्यात उरत नाही.

धांड्याची खेळणीही लिहा कोणीतरी. साल सोलून आतला मऊ गाभा काढायचा, सालीच्या काड्या टोचून त्याची बंडी, बैल, चष्मा करायचा. सालीनं बोटं आणि ओठ कापायचे.

स्वयंपाकघरातलं एक. कण्या. जवारी जात्यावर भरड काढायची, पाखडून कण्या वेगळ्या, पीठ वेगळं. कण्या ताकात शिजवून वरून लसणाची फोडणी. उन्हाळ्यात वावरातून आलेल्या माणसाला दुसरं काही नको असायचं. चक्कीवर कण्या काढून मागितल्या तर चक्कीवाला म्हणतो, पाट वेगळा लावावा लागते, दुसऱ्यांचं दयण थांबते. जातं आमच्या न्हाणीजवळ पालथं आहे, त्यावर धुणं आपटतात. जात्याला टाकी लावणारे, म्हणजे छिन्नीनं खाचा पाडणारे, पाथरवट उन्हाळ्यात गावात यायचे, हाळी देत. टाकी न लावलेलं जातं दाणा नुसता चिरडतं. तुम्ही म्हणता तसंच आहे, एक माणूस यायचा बंद झाला की दगडही निकामी होतो.

पण कपाशी आहे म्हणून सीतादही आहे. पहिल्या वेचणीच्या दिवशी पऱ्हाटीच्या झाडाखाली दगड मांडून हळदकुंकू, दहीभात शिंपडायचा, मग ओटीत पहिला कापूस. आमच्या घरी मी दरवर्षी करते. बियाणं बदललं, फवारणी बदलली, वेचणी हातानंच होते. ज्या दिवशी वेचणीचं यंत्र येईल त्या दिवशी दहीभात कोण कोणासाठी शिंपडेल ते माहीत नाही.

धुऱ्यावरची बोर

भौ, तुमी मापाचं लिवलं पन मापं नाई लिवली. पायली, अडशेरी, शेर, मापटं, चिपटं. चार शेराची पायली. आमच्या आबाजीची पितळी पायली अजून हाय, आता त्याच्यात देवघरातल्या वाती ठेवतेत.

१९५७ सालच्या एप्रिलात आणे गेले अन् नवे पैसे आले, दुसऱ्या सालापासून किलो-ग्राम आलं. पन एक गोष्ट पाहा. कास्तकारासाठी आणा मेलाच नाई. सोया (सोळा) आने पीक म्हनजे भरपूर, आठ आने म्हनजे अर्धं. सरकारानं आणेवारीचं नाव बदलून पैसेवारी केलं, आता पन्नास पैशाच्या खाली आली तर सवलती. तरी आमच्या पारावर बुढे लोक इचारतेत ते 'अवंदा आनेवारी किती निंगाली?' सप्टेंबरात नजरअंदाज, ऑक्टोबरात सुधारित, डिसेंबरच्या शेवटी अंतिम. त्या एका आकड्यावर कितीक घरची दिवाई ठरते. जो शब्द पोटाशी बांधला हाय तो सरकारानं बदलला तरी जात नाई, असं मले वाटते.

अन् 'जागल' शब्द पन गेला नाई. पयले जवारीसाठी जागलीले जात होते, आता रानडुकरं अन् रोह्यासाठी (नीलगाईसाठी) जातेत. काम तेच, उलट जास्त झालं.

झाडीपट्टीकर

वऱ्हाडातल्या भाऊ-ताईंनी लिहिलेलं वाचलं. आमच्याकडे भंडारा-गोंदिया-गडचिरोलीत जवारी कधी मोठं पीक नव्हतं, आमचं धान. आणि म्हणून पूर्णाकाठ भाऊंचं म्हणणं आमच्याकडून उलट बाजूनं खरं ठरतं. धान आहे, तर धानाचे शब्द जिवंत आहेत. बांधी (बांध घातलेलं धानाचं वावर), पऱ्हे (रोपं), रोवणा (रोपं लावणं), चुरणा (मळणी) हे शब्द पाचवीतलं पोरगंही बोलते. आवत्या टाकला, म्हणजे बी फेकून पेरलं, का रोवणा केला, हे आजही लग्नाच्या मांडवात विचारतात.

मेले ते तलावाचे शब्द.

पूर्व विदर्भात साडेसहा हजारांवर माजी मालगुजारी, म्हणजे पूर्वी मालगुजारांच्या (सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या) ताब्यातले, तलाव आहेत. लोक नुसतं 'मामा तलाव' म्हणतात. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटलानं बांधला असं सांगतात, आणि कोहळी समाजाचं हे काम पिढ्यान् पिढ्यांचं होतं. तलावाला पाळ, पाणी सोडायला तुडूम, जादा पाणी जायला सलंग. पाणी कोणत्या बांधीला आधी, कोणत्या बांधीला मागून, हे ठरवणारा माणूस ठरलेला. उन्हाळ्यात गाळ काढायचा आणि तो आपापल्या बांधीत टाकायचा. गाळ काढणं हे तलावाचं काम होतं आणि खताचंही.

१९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली. ती जायलाच पाहिजे होती, मालगुजाराच्या वाड्यावर वेठ करणाऱ्यांची नातवंडं आज या गावांत आहेत, त्यांना विचारा. पण तलाव सरकारजमा झाले तेव्हा सरकारनं तलाव घेतला, त्याची राखण घेतली नाही. मोठे पाटबंधारे खात्याकडे, लहान जिल्हा परिषदेकडे. गावानं गाळ काढणं थांबवलं, कारण आता तो 'सरकारचा' तलाव. तुडूम बुजलं. पाळीवर झाडं वाढली, मुळांनी पाळ फुटली. माझ्या गावात 'तुडूम' म्हटलं तर कॉलेजातलं पोरगं विचारते, म्हणजे गेट का? गेट नाही रे बाबा, गेट लोखंडाचं असते, एक माणूस चाबी घेऊन येते. तुडूम उघडाले गावाची बैठक लागे.

'निस्तार' मात्र बुढे अजून ठासून बोलतात. जंगलातलं सरपण, तलावातलं पाणी, गुरांचं चरणं, हा गावाचा निस्तार. निस्तारपत्रकात लिहिलेला हक्क. ज्या गावांनी वनहक्काच्या दाव्यासाठी जुनी निस्तारपत्रकं शोधून काढली त्यांना या शब्दाची किंमत कळली. कागदात शब्द होता म्हणून हक्क सापडला.

आणखी एक, उतेरा. धान उभं असतानाच ओल्या बांधीत लाखोळी, जवस, हरभरा फेकायचा. धान कापलं की खालून ते पीक वर. फुकटात दुसरं पीक. हार्व्हेस्टर आल्यापासून चाकाखाली उतेरा दबून जाते, म्हणून लोकांनी टाकणं कमी केलं. यंत्रानं मजुरीचा ताण घेतला हे खरं, माझ्याकडेही हार्व्हेस्टरच येते. पण उतेऱ्याची जवस गेली तशी आमच्या घरची जवसाची चटणीही विकतची झाली.

वणाकाठ

पूर्णाकाठ भाऊ, खळ्याचं तुम्ही फार जीव लावून लिहिलं. त्याच खळ्याची दुसरी कड मी सांगतो, कारण ती आमच्या घरची आहे.

खळ्यावर धान्य मोजलं जाई तेव्हा आमचा आजा खळ्याच्या बाहेर उभा असे. आत यायची मुभा नव्हती. त्याच्या वाट्याला तुम्ही शेवटी लिहिलेलं मातेरं येई. माती, खडे, दाणे एकत्र. आजी ते घरी पाखडायची, धुवायची, वाळवायची, तेव्हा त्यातून भाकरीपुरती जवारी निघायची. मेलेलं ढोर ओढणं, रात्रीची राखण, सरकारी माणूस आला की त्याचं सामान दुसऱ्या गावापर्यंत पोचवणं, मयताचा सांगावा घेऊन चालत जाणं. या सगळ्यासाठी ते मातेरं आणि सणाची शिळी भाकर. कामाला 'वेठ' म्हणत आणि मिळणाऱ्याला 'हक्क' म्हणत.

१४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपुरात दीक्षा दिली. आमच्या भागातून लोक बंड्या जुंपून, रेल्वेनं, पायी गेले होते. परत आल्यावर वस्तीनं ढोर ओढणं बंद केलं, खळ्यावर जाणं बंद केलं. गावानं काम बंद केलं, वाट अडवली, दुकानातून सौदा देणं थांबवलं. माणसं तालुक्याला जिनिंगमध्ये मजुरीला गेली, पण परत खळ्यावर गेली नाहीत. म्हणजे काही शब्द सोयाबीनमुळे गेले नाहीत. लोकांनी ठरवून, किंमत मोजून, ते गावातून हाकलले.

माझं म्हणणं एवढंच की हे शब्द यादीतून गाळू नका. वेठ, मातेरं, पडं (मेलेलं ढोर), हक्काची भाकर. लिहा आणि शेजारी लिहा की ते कोणाच्या डोक्यावर होते. मला त्यातला एकही परत नको. पण माझ्या पोरीला ते माहीत असले पाहिजेत, नाहीतर तिला वाटेल खळं म्हणजे नुसतं गाणं आणि उपणणं होतं.

आणि मोटेचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. विहिरीवरची मोट, जाड तो नाडा, बारीक तो सोंदूर, बैल उतरतात ती धाव, पाणी पडतं ते थारोळं. वरुड-मोर्शीच्या जुन्या संत्र्याच्या बागा या पाण्यावर उभ्या राहिल्या. मोट कातड्याची होती. कातडं सोलणारे, कमावणारे, शिवणारे हात कोणाचे होते ते बागेच्या गोष्टीत येत नाही. विजेचा पंप आला आणि मोट सुटली. थारोळ्याचे दगड अजून जुन्या विहिरींवर दिसतात.

पूर्णाकाठ

वणाकाठ भाऊ, हे या धाग्यात असायलाच पाहिजे होतं. तुमच्या आजीनं पाखडलेली जवारी आणि आमच्या खळ्यातली रास एकाच दिवशी मोजली जात होती. माझ्या गावच्या ज्या नोंदी मी वहीत लिहून काढतो आहे त्यात प्रत्येक कामासमोर 'कोणी केलं, बदल्यात काय मिळालं' असे दोन रकाने आजपासून वाढवतो. आमच्याच वस्तीतल्या दोन-तीन म्हाताऱ्यांशी यासाठी बोलायचं आहे, त्यांची तयारी असेल तर.

सागवानी आरा

बंडीचं राहिलं. आमच्या घरी वाढईकाम होतं, म्हणून मला त्यातलं थोडं येते.

लोक सरसकट 'बैलगाडी' म्हणतात. आमच्याकडे माल वाहायची ती बंडी, हलकी-चपळ ती रेंगी, आणि वर आच्छादन असलेली, लेकीबाळींना आणायची ती दमणी. तिघींचे बैलही वेगळे. दमणीचे बैल पळणारे, त्यांच्या गळ्यात घुंगुरमाळा. लग्नाच्या वऱ्हाडात पाचपन्नास दमण्या एकामागे एक निघत, त्यांची शर्यत लागे आणि नवरदेवाची दमणी मागे राहिली तर वर्षभर बोलणी खावी लागत.

चाकाचं काम सगळ्यात अवघड. मधला तो तुंबा, त्यात बसवलेले ते आरे, बाहेरच्या गोलाईचे तुकडे म्हणजे पुठ्ठे, आणि त्यावर लोखंडी धाव. तुंब्याला बाभळीचं जुनं लाकूड लागे, चिरत नाही म्हणून. धाव चाकापेक्षा किंचित लहान करायची. गोवऱ्या गोल रचून त्यात ती लाल होईपर्यंत तापवायची. लोखंड वाढते. तशीच चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचं. धाव आवळते, आणि सगळे सांधे करकरत घट्ट बसतात. लोहार आणि वाढई दोघं एका वेळी लागत, आणि पाणी ओतायला अर्धं गाव. एका जागीही लाकूड जळलं तर चाक वाया. ही कामगिरी उन्हाळ्यात चाले, पावसाच्या आधी.

रबरी टायरच्या बंड्या आल्या आणि हे संपलं. टायरची बंडी बैलाला हलकी जाते, माल दुप्पट ओढते, चिखलात रुतत नाही. बैलाच्या बाजूनं विचार केला तर बरंच झालं. माझ्या वडिलांनी शेवटची शेवटची चाकं विकली ती हॉटेलवाल्यांना, भिंतीला लावायला. त्यांनी ती बनवताना आरे तितकेच चोख बसवले होते.

शंकरपटाचं, म्हणजे बैलांच्या शर्यतीचं, जाता जाता सांगतो. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बंदी घातली तेव्हा वाटलं, हाही शब्द गेला. तळेगाव दशासरसारख्या जुन्या पटांची जागा सुनी पडली. २०२१ च्या डिसेंबरात अटींसह परवानगी आली, आणि २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठानं राज्याचा कायदा मान्य केला. पट परत भरतात. मधल्या वर्षांत मात्र पटाची जोडी घडवणारे कितीतरी लोक थांबले. बैल वासरापासून घडवावा लागते, आणि ते ज्ञान कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं.

वर्धेकाठची

सागवानी आरा दादा, धाव बसवताना आम्हा लेकरांना लांब उभं करायचे, आणि वाफेचा तो लोट आम्ही पाहायचो. पोळ्याचंही लिहिते मग.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी. बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावून शेकायचं, वर्षभर जू घासलेला तो खांदा. आणि त्याच्या कानात म्हणायचं, 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.' माणसाला देतात तसं निमंत्रण. पोळ्याच्या दिवशी दारात पळसाचे मेढे, तोरणाखाली झडत्या, म्हणजे मोठ्यानं म्हणायच्या यमकाच्या ओळी. झडत्या मला फार मोलाच्या वाटतात, कारण त्या दरवर्षी नव्या होतात. कापसाचा भाव, पुढाऱ्याचं आश्वासन, विजेचं लोडशेडिंग, सगळं त्यात येते आणि शेवटी 'हर बोला हर हर महादेव'. माझ्या चुलतभावाच्या घरी बैल नाही, ट्रॅक्टर आहे. त्यानं ट्रॅक्टर उभा केला तोरणात. गावातले बुढे आधी गप्प होते, मग एकानं त्याच्यावरच झडती म्हटली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, लाकडी नंदी घेऊन लेकरं घरोघर, त्यांना बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, द्यायचा. हे उलट वाढलं आहे. ज्या घरी खरा बैल कधी नव्हता त्या घरचं लेकरूही नंदी घेऊन येते.

माळावरचा पळस

मी सर्वांत लहान असेन इथे. शिक्षण पुण्यात झालं, घर बुलडाणा जिल्ह्यात. खळं मी पाहिलेलं नाही, पण एक प्रश्न आहे आणि तो निकडीचा आहे. आमच्या जुन्या घराच्या जागेवर नवीन बांधकाम काढलं. पाया खोदताना एका कोपऱ्यात जमीन पोकळ लागली. वरचा चपटा दगड थोडा सरकवला तर खाली काळोख, आंबूस वास. शेजारचे काका म्हणाले, हे तुमच्या पणज्याचं पेव. जेसीबीवाला म्हणतो, माती लोटून देतो, तासाभराचं काम. मला त्याआधी ते नीट समजून घ्यायचं आहे. आत उतरता येईल का? आणि बुजवायचं कसं?

जुनी पांढरी

बाळा, आधी हे वाच आणि घरच्या सगळ्यांना सांग. आत कोणीही उतरायचं नाही. तू नाही, जेसीबीवाला नाही, धाडसी मजूर तर मुळीच नाही.

पेव म्हणजे जमिनीतली जवारीची कोठी. काळ्या मातीत ओल राहते, म्हणून पेव गावठाणाच्या पांढऱ्या मातीतच खोदत. तोंड एका माणसापुरतं, आत पोट रुंद. खोदून झालं की आत जाळ करून ओल काढायची, तळाला आणि कडांना कडबा-कुटार लावायचं, जवारी भरायची, वर पुन्हा कुटार, चपटा दगड, आणि मातीनं लिंपून बंद. वर्षानुवर्षं धान्य राही. दुष्काळात पेवावर गाव जगे. कडेची जवारी काळी पडे, मधली चांगली निघे, पण तिला एक वास असे. 'पेवाची जवारी' म्हणून ती बाजारात लगेच ओळखू येई.

धान्यही श्वास घेते. बंद पेवातली प्राणवायू संपते आणि जड वायू तळाला साचते. म्हणून पेव उघडलं की दिवसभर तोंड मोकळं ठेवत, मग दोरीनं दिवा सोडत. दिवा विझला तर उतरायचं नाही. आमच्या लहानपणी आसपासच्या गावांत घाईत उतरलेली माणसं गेली आहेत, आणि त्यांना काढायला उतरलेलीही. तुमचं पेव किती वर्षं बंद आहे कोणास ठाऊक, आणि नुसत्या दिव्याच्या परीक्षेवर आजच्या काळात जीव टाकायची गरज नाही. जे पाहायचं ते वरूनच पाहा. फोन दोरीला बांधून, उजेड लावून खाली सोडा, चित्रण करा. टेप सोडून खोली मोजा, बांबूला टेप बांधून पोटाची रुंदी जमेल तेवढी मोजा. कडेला कुटार शिल्लक दिसते का पाहा, तळाला दाणे आहेत का पाहा. हे सगळं लिहून इथं टाका, पूर्णाकाठच्या वहीत जाऊ दे.

आता बुजवायचं. जेसीबीनं एकदम माती लोटली तर पोटाच्या कडांना पोकळी राहते आणि दोन पावसाळ्यांत फरशी खचते. आधी वरचं तोंड यंत्रानं बाहेरूनच रुंद करून घ्या, म्हणजे पेव उघड्या खड्ड्यासारखं होईल आणि हवा खेळेल. मग मुरूम टाका, हातभर थर, पाणी, धुम्मस, पुन्हा थर. काळी माती टाकू नका, ती फुगते. आणि मिस्तरीला आजच सांगा की त्या कोपऱ्यातला कॉलम पेवाच्या जागेवर घेऊ नको, पोटाच्या बाहेर सरकव. शेजारी दुसरं पेव असू शकते, बहुतेक मोठ्या घरांत जोडीनं असत. उरलेल्या जागेवर पहार आपटून आवाज ऐका. पोकळ आवाज आला तर काम थांबवा आणि मला लिहा.